कृमी हलत नाही, की हलू शकत नाही?
कॅमेऱ्याने कृमीचा वेग टिपला की वार्धक्य मोजलं, असं वाटतं ना? जरा थांबा. डॅफ-२ जनुकात बदल झालेला सी. एलिगन्स दुप्पट जगतो, हे सिंथिया केन्यन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं. २०१५ मध्ये एका शोधनिबंधाने हालचाल वगैरे मोजून म्हटलं, की या वाढीव आयुष्याचा बराच भाग अशक्तपणातच जातो. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने कमाल वेग मोजला, तर तो उतारवयातही टिकून होता! हे कृमी अन्न सोडून फारसे हलतच नव्हते. चूक ट्रॅकरची नाही, आकड्याच्या अर्थाची आहे. म्हणून प्रपोजल लिहिण्याआधी स्वतःला विचारा: आपण सवय मोजतोय की क्षमता?