तुकोबांचे ‘बरे’ : दुष्काळविषयक दोन अभंगांचा विचार

बीड जिल्ह्यातील घाटनांदूर हे गाव बालाघाटच्या पठारावर वसले आहे. ह्या टापूत १९७२ चा दुष्काळ अद्याप कालगणनेसारखा सांगितला जातो, आणि २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. अशा ठिकाणी कीर्तनकार तुकोबांचा दिवाळ्याला व दुष्काळाला ‘बरे’ म्हणणारा अभंग निरूपणास घेतो, तेव्हा श्रोत्यांपुढे उभा राहणारा प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही. ज्याची गुरे चारा-छावणीत बांधलेली आहेत, त्याला दुष्काळ बरा कसा? रूढ निरूपण ह्याचे उत्तर फार स्वस्तात देते : संकट म्हणजे देवानेच धाडलेली कृपा. अभंगाच्या भाषेत ह्या उत्तराला आधार सापडत नाही.

१६३० ते १६३२ ह्या काळात गुजरात व दख्खन ह्यांवर कोसळलेला दुष्काळ अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त आणि सुरतेहून बऱ्हाणपुरास गेलेल्या पीटर मंडीच्या प्रवासवर्णनात नोंदलेला आहे. देहूच्या वाण्याचे घर ह्याच काळात बुडाले, असे मानले जाते. ह्या अनुभवाची दोन निवेदने गाथेत आढळतात. एक देवाला उद्देशून आहे; दुसरे संतांनी विचारले म्हणून, बोलू नये हे ठाऊक असूनही, केलेले आत्मकथन आहे. दोन्ही अभंग स्वतंत्रपणे पुष्कळ वाचले गेले. एकमेकांशेजारी ठेवून ते क्वचितच वाचले जातात.

पहिल्या अभंगात ‘बरे’ हे पद, त्याच्या लिंगभेदी रूपांसह, दहा वेळा येते. मराठीत ‘बरा’ म्हणजे उत्तम नव्हे. दुखण्यातून उठलेला माणूस बरा होतो. पाऊस जेमतेम झाला तरी शेतकरी ‘बरा आहे’ म्हणतो. शब्दातच मागल्या पीडेची खूण शिल्लक असते. ह्याहून महत्त्वाची गोष्ट विभक्तीची आहे. ह्या अभंगात देव संबोधनात आहे. चिंतनाचा विषय म्हणून षष्ठीत आहे. शरण जाण्याचे ठिकाण म्हणून ‘तुज’ ह्या रूपात आहे. कर्ता म्हणून तो एकदाही येत नाही. पीडा करणारा दुष्काळ आहे आणि त्याला तृतीयेचा प्रत्यय स्पष्ट लावलेला आहे. दिवाळे निघते, धन आणि गुरे जातात, अपमान मिळतो. ह्यांतील एकही क्रिया देवाच्या खाती मांडलेली नाही. ‘देवा, तू बरे केलेस’ असे म्हणणे कवीला अवघड नव्हते. तसे तो म्हणत नाही.

यादीत काय नाही, हेही पाहावयास हवे. आत्मकथनात, दुष्काळाने द्रव्य आटले आणि मान गेला असे सांगून होताच, एक स्त्री अन्नासाठी टाहो फोडीत मेल्याचा उल्लेख येतो. ती तुकोबांची पहिली पत्नी. ह्या मरणाला ‘बरे’ हे विशेषण कोठेही लागलेले नाही. आईबापांच्या मृत्यूलाही नाही. मोजके विधान करून कवी आपल्या लाजेकडे वळतो. स्वतःच्या हानीला तो ‘बरे’ म्हणतो. दुसऱ्याच्या मरणाला म्हणत नाही. उपाशी माणसांना दुष्काळाचे माहात्म्य ऐकविणाऱ्या निरूपणकाराने ही मर्यादा ओलांडलेली असते.

तरीही पहिला अभंग निर्दोष ठरत नाही. त्याच्या उत्तरार्धात देवासाठी बायकोमुलांची उपेक्षा केली, हेही ‘बरे’ ह्या सदरातच घातलेले आहे. जिजाईच्या वाट्याला आलेले दुःख येथे पतीच्या वैराग्याच्या जमेस धरले गेले, आणि ह्या कडव्यावर गोड भाष्य करण्याने त्याची धार बोथट होत नाही.

आख्यायिकांनी हा पेच निराळ्या वाटेने सोडविला. मंगळवेढ्याचा दामाजी सरकारी कोठारे उघडतो आणि विठोबा विठू महार होऊन बिदरास भरणा करतो. घाटनांदूरच्या तालुक्याचे ठिकाण असलेल्या अंबाजोगाईत समाधिस्थ झालेल्या दासोपंतांच्या (१५५१–१६१५) चरित्रातही दत्त पाडेवार होऊन थकलेली रक्कम पोचती करतो. दोन्हीकडे देव ठसठशीत कर्ता आहे. लोकांना धीर देणारी ही कथा खरी. परंतु दामाजीच्या कथेत भुकेल्यांच्या पदरी धान्य पडते ते दामाजीच्या हातून, देवाच्या थैलीपूर्वी. तुकोबांनीही वडिलोपार्जित कर्जखतांतील आपला हिस्सा इंद्रायणीत बुडविला, अशी परंपरा आहे. खरी असेल तर त्या वर्षीच्या ऋणकोंना ‘बरे’ ह्या शब्दाचा अर्थ कोणाच्या निरूपणावाचून कळला असेल.

आत्मकथनात देव कर्ता होतो, पण फार उशिरा. दुष्काळाच्या कडव्यांत तो नाही. वह्या बुडवून कवी धरणे धरून बसतो, तेव्हा नारायण त्याचे समाधान करतो. अखेरीस पांडुरंग बोल बोलवितो. ह्या दोहोंच्या मध्ये, नारायण भक्ताला कधी टाकीत नाही हे कळून आले, असे कवी सांगतो, आणि तेथे त्याने वापरलेले क्रियापद ‘उपेक्षणे’ हेच आहे. पहिल्या अभंगात ज्या क्रियापदाचा कर्ता तो स्वतः होता आणि कर्म बायकोमुले होती, तेच येथे नकारार्थी होऊन देवाकडे आले आहे.