गंजक्या पात्याचा अर्थ

दिसण्यात क्षुद्र, पण अंगी असामान्य सामर्थ्य असलेली तलवार कथावाङ्मयात वारंवार भेटते. तिचे मलिन रूप केवळ वाचकाला चकित करण्यासाठी योजलेले असेल, तर रहस्य उकलताच त्यातील स्वारस्य संपते. ते कशाची तरी कसोटी ठरले, तरच त्याला वाङ्मयीन अर्थ लाभतो.

टोल्किन यांच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (१९५४) या कादंबरीत स्ट्रायडर हा कळकट वेषातील भटक्या सरायीत आपली तलवार उपसून दाखवतो; ती मोडलेली आहे. येथे कसोटी लागते ती पाहणाऱ्याची : या वेषामागचा राजवंशज त्याला ओळखता येतो काय? पुढे पाते सांधले जाते आणि ही कसोटीही संपते.

रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ (१९९६–२००८) या जपानी चित्रकथेत कसोटी लागते ती धारण करणाऱ्याची. अर्धराक्षस नायकाच्या पित्याने मानवी पत्नीच्या रक्षणार्थ आपल्या सुळ्यापासून ‘तेस्साइगा’ घडवून घेतली. सामर्थ्याची हाव धरणाऱ्या पुत्राच्या हाती ती प्रथम गंजकी, बोथटच राहते. एका मानवकन्येच्या रक्षणाचा संकल्प होताच ती प्रचंड सुळ्याचे रूप घेते. म्यानात जाताच पुन्हा गंजकी!

प्रतीक म्हणून हीच योजना मला अधिक समर्थ वाटते. टोल्किन यांची तलवार धारकाचा हक्क एकदा सिद्ध करते. ताकाहाशी यांची तलवार तो पुनःपुन्हा सिद्ध करावयास लावते. सामर्थ्य वारशाने मिळेल. पात्रता मात्र प्रत्येकाला स्वतःच मिळवावी लागते.