अमीर अली कुणाचा मुलगा?

सांगोल्याहून सोलापूर गाठून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की नळदुर्ग येतं. फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून तिथे इंग्रजांचे अंमलदार होते, म्हणून आपल्या भागात त्यांच्याविषयी जिव्हाळा आहे. मलाही आहे. पण त्यांची १८३९ ची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी ठगीचा दस्तऐवज म्हणून वाचतात, ते मला पटत नाही.

दस्तऐवज आहे तो तिच्या प्रस्तावनेत. खून पचत का होते, हे टेलर तिथे नेमकं सांगतात. मुलूख अनेक राजवटींत वाटलेला, प्रवास पायी नाही तर घोड्यावर, महिनोन्‌महिन्यांचा. माणूस परतला नाही हे घरच्यांना कळेपर्यंत वाटेतल्या खुणाही बुजलेल्या. कर्नल स्लीमन नरसिंहपूरला असताना त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत ठग राहत होते आणि त्यांना पत्ता नव्हता! हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

पुढे स्लीमननी माफीचे साक्षीदार फोडले, त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडल्या, त्यांनी दाखवलेल्या जागा खणून प्रेतं काढली. इथवर हा तपास अव्वल दर्जाचा. पण त्याच दप्तरात ठगांच्या वंशावळीही तयार झाल्या. १८३६ च्या कायद्याने तर खून सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप.

आता कादंबरी पाहा. अमीर अली जन्माने ठग नाहीच. तो वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशांचा मुलगा. इस्माईल ठगाने त्याला वाढवलं. पुढे नकळत सख्ख्या बहिणीच्याच खुनात त्याचा हात असतो. म्हणजे वंशावळीचं सगळं शास्त्र टेलर यांच्याच कथानकाने मोडीत निघतं. समीक्षक मात्र अमीर अलीच्या बोलण्याच्या डौलावर आणि भवानीच्या शकुनांवरच रेंगाळतात. (ठगी हा धर्मपंथ होता या समजुतीला किम वॅग्नर यांनी २००७ च्या पुस्तकात चांगलाच धक्का दिलाय.)

ही तक्रार निव्वळ साहित्यातली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरवला. सोलापुरात कैकाडी, पारधी कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली गेली, रोजच्या हजेरीला बांधली गेली. १९५२ मध्ये कायदा गेला. शहरातला तो भाग अजून सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो.