डोंगरीचे १०१ दिवस आणि कोल्हापूरचीं बनावट पत्रें

गोपाळ गणेश आगरकर यांचें 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें लहानसें पुस्तक आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. कोल्हापूर प्रकरणीं १८८२ च्या जुलैंत आगरकर व बाळ गंगाधर टिळक यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून उभयतां ऑक्टोबरांत सुटले. तेथील खोली, अन्न, दिनचर्या, देहाची झालेली झीज (टिळकांचें वजन २४ पौंड व आगरकरांचें १६ पौंड उतरलें) हा सर्व वृत्तांत प्रत्यक्ष अनुभवाचा असल्यामुळें बहुमोल आहे. आमचा आक्षेप ग्रंथकारावर नाहीं. या पुस्तकाच्या आधारें ज्यांनीं पुढें खटल्याची हकीगत लिहिली, त्यांतील पुष्कळांची कथा तुरुंगाच्या दारापासून सुरू होते, आणि न्यायासनासमोर काय प्रश्न होता हें एका वाक्यांत उरकलें जातें. संशोधकाला जें हवें तें नेमकें त्या एका वाक्यांत दडलेलें असतें.

मूळ गोष्ट अशी. १८७१ त कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयी होते, आणि त्यांस वेड लागलें आहे असें सांगून त्यांजवर देखरेख ठेवण्यांत आली होती. वेड आहे कीं छळानें तें लादलें जात आहे, अशी शंका महाराष्ट्रांत सर्वत्र होती. १८८१ च्या जानेवारींत निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं ती उघड बोलून दाखविली व दिवाण माधवराव बर्वे यांजवर ठपका ठेवला. आधार म्हणून जीं पत्रें होतीं तीं बर्व्यांचीं म्हणून पुढें आलेलीं होतीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली; पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी व्यक्त केली, तरी बर्व्यांनीं फिर्याद मागें घेतली नाहीं. याच सुमारास, १८८२ च्या मार्चांत, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले.

हा खटला पुष्कळदां मुद्रणस्वातंत्र्यावरील सरकारी घाल्याच्या मालिकेंत ओंवला जातो. तें बरोबर नाहीं. लॉर्ड लिटनचा १८७८ चा निर्बंध देशी भाषांतील पत्रांपुरता होता, म्हणजे इंग्रजींत निघणारा 'मराठा' त्यांत मुळांत येतच नव्हता. आणि १८८२ त तो निर्बंधच रद्द झाला. टिळकांवर १८९७ व १९०८ सालीं जे खटले झाले ते राजद्रोहाचे, सरकारनें भरलेले. १८८२ चा फिर्यादी मात्र एक एतद्देशीय कारभारी होता, व त्याची तक्रार स्वतःच्या अब्रूपुरती होती. दोन्ही प्रसंग एका सुतांत गुंफल्यानें टिळकांच्या चरित्रास शोभा येत असेल. इतिहासास येत नाहीं.

अब्रुनुकसानीच्या कायद्याचें माप निराळें आहे. १८६० च्या दंडविधानांतील ४९९ व्या कलमास जे अपवाद आहेत त्यांत लोकहितार्थ केलेलें सत्यकथन व शुद्ध हेतूनें केलेलें कथन हे दोन मुख्य. आणि शुद्ध हेतु म्हणजे नुसता मनाचा प्रामाणिकपणा नव्हे, योग्य सावधगिरी व काळजी हवी, असें ५२ वें कलम सांगे. तें दंडविधान २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहितेनें बाजूस सारलें, तरी हें माप तिच्यांतही कायम आहे. टिळक-आगरकरांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. पण कागद कोणाच्या दप्तरांतून निघाला, कोणाच्या हातून आला, अक्षराचें वळण ताडून पाहिलें काय, हे प्रश्न छापण्यापूर्वीं विचारावयाचे होते. जुने कागद जमविणाऱ्या आम्हां मंडळींस हे प्रश्न रोजचेच. आणि मजकूर आपल्या मताशीं जुळला कीं ते विचारावयाचे राहून जातात, हाही अनुभव कांहीं नवा नाहीं.

येथें दुसरी एक चूक होते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. पत्रें खोटीं ठरलीं म्हणून महाराजांच्या छळाची गोष्टही खोटी ठरली, असें कित्येक समजतात. नैयायिकांचा दृष्टांत येथें अगदीं लागू पडतो. पर्वतावरील वाफ पाहून कोणी तिला धूर समजला व तेथें अग्नि आहे असें अनुमान केलें, तर त्याचा हेतु असिद्ध ठरतो. परंतु एवढ्यानें पर्वतावर अग्नि नाहीं असें सिद्ध होत नाहीं. पत्रें गेलीं तेव्हां एक हेतु गेला. साध्य जेथल्या तेथें राहिलें. उलट, १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला, तेव्हां 'पाहा, केसरी खरें सांगत होता' असें म्हणणारेही निघाले. पण पुढें दिसलेल्या ज्वाळेनें आधीच्या वाफेचा धूर होत नाहीं. महाराजांची दुर्दशा खरी मानावी आणि पत्रेंही खोटींच मानावीं, यांत विरोध कोठें आहे? हीं दोन विधानें वेगळीं ठेवण्याचा कंटाळा हेंच या प्रकरणावरील बऱ्याच लेखनाचें व्यंग आहे. बर्व्यांवर ज्या कृत्याचा आरोप त्या पत्रांवरून आला, तो पत्रांबरोबरच गेला, हेंही कोणीतरी स्पष्ट लिहावयास पाहिजे.

आगरकरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ति जो कोणी काढील त्यानें त्यास दोन पुरवण्या जोडाव्या: एक, 'केसरी' व 'मराठा' यांतील मूळ लेख, छापल्याच्या तारखांसह, दुसरी, त्या वेळच्या वृत्तपत्रांत आलेली सुनावणीची हकीगत. करवीर दरबाराशीं संबंध असलेल्या घराण्यांच्या दप्तरांत बर्व्यांच्या हातचे निःसंशय अस्सल कागद ज्यांस आढळतील, त्यांनीं ते मूळ रुमालांतून न हलवितां, रुमालाच्या खुणेसह त्यांचीं छायाचित्रें मंडळाकडे पाठवावीं.