यादीत नसलेलं गाणं

एखादं गाणं त्याच्या काळात किती गाजलं, हे कसं मोजाल? बहुतेक जण सरळ 'बिलबोर्ड'च्या जुन्या याद्या उघडतात. अमेरिकेतली 'हॉट 100' 1958 पासून दर आठवड्याला निघते आहे, आकडे आयते मिळतात, आलेख काढला की झालं प्रपोजल! पण आधी त्या यादीत लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' शोधून बघा. सापडणार नाही.

नोव्हेंबर 1971 मध्ये आलेल्या त्यांच्या चौथ्या, बिननावाच्या अल्बममधलं हे आठ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला फक्त गिटार आणि जॉन पॉल जोन्सने वाजवलेले रेकॉर्डर, म्हणजे तोंडाने फुंकायची उभी बासरी. ड्रम्स यायला चार मिनिटं लागतात. जॉन बोनहॅमसारखा दणकट हाताचा माणूस निम्मं गाणं गप्प बसतो, आणि माझ्या मते गाण्याची खरी ताकद त्या गप्प बसण्यात आहे, लोक ज्याची पारायणं करतात त्या जिमी पेजच्या सोलोत तितकी नाही. लय हळूहळू वाढत जाते. विलंबितातून द्रुतात जाणारा ख्याल ऐकलेल्या कानांना ही चढण परकी वाटू नये.

अटलांटिक कंपनीला याचं सिंगल काढायचं होतं. बँडने नकार दिला. रेडिओसाठी कापलं असतं तर चढणच कापली गेली असती. आता परिणाम बघा: सिंगल विक्रीला नाही म्हणून 'हॉट 100'मध्ये नोंद नाही, कारण 1998च्या अखेरपर्यंत त्या यादीचा नियमच तसा होता. आणि एफएमवर गाणं ऐकून ज्याला ते हवं झालं, त्याला अख्खा अल्बम घ्यावा लागला. म्हणजे इथे नोंद नसणं ही नुसती रिकामी जागा नाही. ज्या निर्णयामुळे नोंद गेली, त्याच निर्णयाने अल्बमच्या खपाला हातभार लावला. संख्याशास्त्राच्या भाषेत, हा डेटा योगायोगाने गहाळ झालेला नाही. अशा जागी शून्य भरून पुढे गेलात तर निष्कर्ष उलटाच निघेल.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. '1991 मध्ये अमेरिकेची आवड बदलली' हे वाक्य रॉकवरच्या लेखनात सारखं भेटतं. पुरावा म्हणून निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' पुढे केला जातो: सप्टेंबर 1991 मध्ये आला, जानेवारी 1992 मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला हटवून पहिला. अल्बम उत्तमच आहे. कडव्यात जवळजवळ रिकामं ठेवलेलं गिटार आणि धृपदात कोसळणारी भिंत, ही युक्ती निर्वाणाने शोधली नाही, पण इतकी गुणगुणण्याजोगी त्यांनीच केली.

मात्र त्याच वर्षी मे महिन्यात मोजायचं साधनच बदललं होतं. तोवर दुकानांना विचारायचे, काय खपतंय. दुकानदार सांगेल तो क्रम. साउंडस्कॅन आल्यावर काउंटरवरचा बारकोड बोलू लागला. पूर्वी अल्बमने थेट पहिल्या क्रमांकावर उतरणं ही दुर्मीळ गोष्ट होती. 1975 मध्ये एल्टन जॉनच्या अल्बमने ते पहिल्यांदा केलं. 1991 च्या उन्हाळ्यात स्किड रो आणि मेटॅलिका दोघेही थेट पहिल्या जागी उतरले.

मग आवड बदलली की मोजपट्टी? इथे तुलनेला गार्थ ब्रूक्स घ्या. सप्टेंबर 1991 मध्ये त्याचा कंट्री संगीताचा अल्बम थेट पहिला आला. आता तरुणाईच्या बंडाने निर्वाणाचं यश समजावता येईल, पण काउबॉय हॅट घालणाऱ्या ब्रूक्सचं? दोन्हींना एकत्र समजावणारं कारण जास्त साधं आहे: हे श्रोते बहुधा आधीपासूनच होते, दुकानदाराच्या तोंडी यादीत पुरेसे दिसत नव्हते. निर्वाणाचा वाटा यातून शून्य होत नाही. पण तो किती, हे 1990 आणि 1992 च्या याद्या शेजारी ठेवून काढता येणार नाही.

हे प्रकरण खरंच हाती घ्यायचं असेल तर नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' घ्या. रेडिओच्या यादीत ते सोळा आठवडे पहिलं होतं, आणि अमेरिकेत सिंगल नसल्यामुळे 'हॉट 100'मध्ये त्याचा पत्ताच नाही. एकच गाणं, एकाच मासिकाच्या दोन याद्या. सुरुवात तिथून करा.