सागरतळाचे अध्यापन आणि पठारावरील वर्ग : एक चिकित्सा

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस असलेले हर्सूल समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथील विद्यार्थ्यास समुद्र भेटतो तो सहलीत, पडद्यावर किंवा रेल्वेस्थानकाच्या पाटीवर. त्या पाटीवरील 'समुद्रसपाटी' हा शब्द तो लहानपणापासून वाचतो. सपाटीच्या खाली काय आहे, हा प्रश्न मात्र त्याच्यासमोर क्वचितच ठेवला जातो. भूगोल, जीवशास्त्र वा पर्यावरणशास्त्राच्या पदवीवर्गात तो येतो तेव्हा सागराविषयीच्या काही पक्क्या आणि बहुधा चुकीच्या प्रतिमा सोबत घेऊन येतो. प्रस्तुत लेखात या प्रतिमांची व त्या घडविणाऱ्या अध्यापनाची चिकित्सा केली आहे.

बालभारतीने 2016 ते 2018 या वर्षांत प्रसिद्ध केलेल्या भूगोलाच्या पुस्तकांत सागराला तुटपुंजी जागा होती असे म्हणता येणार नाही. सहावीस 'महासागरांचे महत्त्व', सातवीस 'भरती-ओहोटी', आठवीस 'सागरतळरचना' आणि 'सागरी प्रवाह' असा क्रम होता. समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार, सागरी मैदान, गर्ता या मराठी संज्ञाही नेमक्या व सुबोध आहेत. अडचण संज्ञांची नाही. त्या ज्या आकृतीवर लिहिल्या जातात, त्या आकृतीची आहे.

सागरतळाचा उभा छेद पानावर काढायचा तर उभे प्रमाण आडव्या प्रमाणापेक्षा कितीतरी वाढवावे लागते. हे कोणत्याही पुस्तकात अटळ आहे. परंतु वर्गात ते सांगितले जात नाही. परिणामी खंडान्त उतार म्हणजे वेरूळच्या डोंगरासारखा सरळ तुटलेला कडा, असा समज दृढ होतो. वस्तुतः या उताराचा कोन सरासरी सुमारे 4 अंश असतो. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे; हर्सूल ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर साधारण 270 किलोमीटर आहे. म्हणजे हर्सूलहून मुंबईस जावे आणि तेवढेच अंतर पुढे पाण्यातून कापावे, तरी पायाखालचे पाणी सुमारे 200 मीटरांच्या आतच राहील. एका सेंटीमीटरास 10 किलोमीटर हे प्रमाण दोन्ही दिशांना धरले, तर या पाण्याची खोली कागदावर 0.2 मिलिमीटर भरते, म्हणजे पेन्सिलीची एक रेषा. ही एक रेषा विद्यार्थ्याकडून फळ्यावर काढून घेतली तर पाठातील आकृतीचा अर्थ त्याला कळेल आणि तिचा दोषही कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सागरतळाची माहिती मनुष्याला कशी मिळाली, हे अध्यापनात जवळजवळ येतच नाही. 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभर खोली मोजली ती दोराला वजन बांधून. मराठवाड्यातील मुलास ही पद्धत शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात विहिरीत दोर सोडून पाणी किती उरले हे त्याच्या घरी पाहिले जाते. पुढे ध्वनी आला. पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे 1,500 मीटर जातो. 6,000 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतण्यास 8 सेकंद लागतात. हे गणित आठवीच्या आवाक्यातले आहे. अशाच मोजण्यांच्या आकड्यांवरून मेरी थार्प यांनी 1950 च्या दशकात अटलांटिकच्या जलमग्न पर्वतरांगेच्या मध्यावरील खचदरी कागदावर ओळखली, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम ती झटकून टाकली. जहाजावर स्त्रियांना प्रवेश नसल्याने त्या काळात त्यांना स्वतः मोजणीस जाता आले नव्हते. विज्ञानाच्या इतिहासाचा हा धडा व्याख्यांच्या यादीत कुठेच बसत नाही, म्हणून तो वगळला जातो.

जीवसृष्टीच्या बाबतीत विषयांच्या भिंती आड येतात. तळ भूगोलात आणि त्यावरील प्राणी जीवशास्त्रात, अशी वाटणी झाली आहे. 1977 साली गॅलापागोसजवळ सुमारे 2,500 मीटर खोलीवर 'अल्विन' या पाणबुडीतून उष्णजलाचे झरे आणि त्यांच्याभोवतीची दाट जीववस्ती आढळली, तेव्हा त्या मोहिमेत एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. मोहीम भूवैज्ञानिकांची होती. बहुविद्याशाखीय अध्ययनाची आवश्यकता पटवून देण्यासाठी याहून बोलके उदाहरण शोधावे लागू नये. 'सर्व अन्नसाखळ्यांचा आरंभ सूर्यप्रकाशात' हे वाक्य त्या शोधाने दुरुस्त करावे लागले. तेथील जीवाणू गंधकयुक्त संयुगांतून ऊर्जा मिळवितात. येथे अध्यापकाने उत्साहाच्या भरात 'सूर्याशिवाय जीवन' असे मात्र सांगू नये. या जीवाणूंपैकी बहुतेकांना लागणारा प्राणवायू वरच्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.

चित्रफितींचा उपाय सर्वत्र सुचविला जातो. काळोखात चमकणारे मासे पाहून वर्ग क्षणभर स्तब्ध होतो हे खरे. पण पाहणे संपले की पाठही संपतो. त्याऐवजी पाण्याच्या दर 10 मीटरांस एक वातावरण इतका दाब वाढतो हे सांगून 6,000 मीटरांवर नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेवर किती भार येईल हे काढावयास लावले, तर सुमारे 600 किलोग्रॅम हे उत्तर विद्यार्थी सहजी विसरत नाही. मग चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य 6000' ही तीन माणसांची पाणबुडी टायटॅनियमच्या मिश्रधातूची आणि गोलाकारच का, हा प्रश्न वर्गातूनच येतो. भारताच्या खोल सागर मोहिमेस 2021 साली मान्यता मिळाली. 1981 साली 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागरातून धातुयुक्त गोटे वर आणले, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. हे गोटे लक्षावधी वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. 'सागरी संपत्ती' या शीर्षकाखाली त्यांची नुसती नोंद करणे अपुरे आहे. 1997 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मध्य हिंदी महासागरात तळ मुद्दाम ढवळून खाणकामाचे परिणाम का तपासले, हेही सांगितले पाहिजे.

या सर्व प्रतिपादनावर एक आक्षेप अपेक्षित आहे : दुष्काळाशी झुंजणाऱ्या प्रदेशातील विद्यार्थ्यास खोल समुद्राचे काय प्रयोजन? आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर हर्सूलच्या तलावापासून देता येते. तलाव खाम नदीवर आहे, खाम गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. मुंबईचा समुद्र जवळचा वाटत असला तरी हर्सूलच्या पाण्याचा समुद्र पूर्वेचा आहे. गोदावरीच्या मुखासमोर हजार मीटरांहून अधिक खोलीवरून काढलेल्या गाळाच्या गाभ्यावर 2012 व 2017 साली संशोधन प्रसिद्ध झाले. दख्खनवरील पाऊसमान, वनस्पती व मातीची धूप यांचा सुमारे दहा हजार वर्षांचा वृत्तांत त्यातून वाचला गेला. गेल्या चार हजार वर्षांत हा प्रदेश कोरडा होत गेल्याच्या खुणा त्यात आहेत. मराठवाड्याच्या अवर्षणाचे सर्वांत जुने दप्तर समुद्राच्या तळाशी आहे.

खडकाचेही तसेच. हर्सूलभोवतीचा काळा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महासागरांचा तळही मुख्यतः बेसॉल्टचाच. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त स्थानातून आला असे मानले जाते, त्याचा माग पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस असा समुद्राखालून रियुनियन बेटापर्यंत जातो. महाविद्यालयाच्या आवारातील दगड हातात घेऊन हा पाठ सुरू करता येतो. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा, सिंधुदुर्ग किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर असलेला 'आंग्रिया बँक' हा बुडालेला प्रवाळमंच इतिहासाच्या वर्गातही शिकविता येईल.

हर्सूलवरूनच फुलंब्री, सिल्लोडमार्गे अजिंठ्यास रस्ता जातो. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे आणि त्याच्याभोवती पाण्यात मासे व जलचर रंगविलेले आहेत. दरवर्षी शैक्षणिक सहली या भिंतीसमोरून जातात. मार्गदर्शकाचे बोट बहुधा जहाजाकडे असते; ते थोडे खाली नेण्याचे काम अध्यापकाचे आहे.