हमालाचं वर्क शून्य

अकरावीच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर एक माणूस काढला. डोक्यावर चौकोनी ओझं, पायाखाली आडवा बाण. हा कूली सपाट प्लॅटफॉर्मवरून चालतोय, त्याने गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध किती वर्क केलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. पुढच्या बाकावरून उत्तर आलं, ‘झिरो सर.’ ‘करेक्ट,’ सर म्हणाले, ‘ही डझ नो वर्क.’ वर्गात थोडं हसू पसरलं. मला हसू आलं नाही. माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात हमाल आहेत.

गंमत म्हणजे हेच मी नववीत मराठीतून शिकलो होतो. विस्थापन बलाला लंब असेल तर कार्य शून्य. लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. तेव्हा काही टोचलं नाही, कारण आमच्या घरात ‘कार्य’ म्हणजे लग्न, नाहीतर बारसं. ‘कार्य नीट पार पडलं’ असं आम्ही म्हणतो. अण्णा यार्डात जे करतात त्याला आम्ही काम म्हणतो. पुस्तकात ‘हमालाने केलेलं काम शून्य’ असं छापलं असतं तर मी नववीतच उभा राहून भांडलो असतो. ‘कार्य’ हा शब्द घरापासून इतका लांबचा होता की तो न दुखावता कानावरून गेला. अर्थात तो आतही शिरला नाही. इंग्रजीतला ‘वर्क’ मात्र थेट घरात आला, कारण ‘होमवर्क’पासून ‘वर्कर’पर्यंत तो शब्द मला कामाचाच म्हणून माहीत होता.

विज्ञानाची इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवून देणाऱ्या पुस्तिका मी त्या काळात बऱ्याच चाळल्या. आता त्यांचेच भाऊबंद फोनवर दिसतात: विश्वाबद्दल बोलण्यासाठी पन्नास शब्द, डावीकडे गॅलॅक्सी, उजवीकडे दीर्घिका, मागे निळंजांभळं आकाश. या साहित्यप्रकाराबद्दल माझी मुख्य तक्रार अशी की तो चुकीचे शब्द निवडतो. ‘थर्मोडायनॅमिक्स’ किंवा ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिझम’पाशी मी कधी अडलो नाही. लांबलचक शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही तो नव्यानेच शिकावा लागतो. मी अडलो छोट्या शब्दांपाशी. वर्क, पॉवर, रेस्ट, चार्ज, मोमेंट. ‘बॉडी ॲट रेस्ट’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सरकारी दवाखान्याचं शवागार यायचं, कारण आमच्याकडे बॉडी म्हणजे प्रेतच. ‘नॉर्मल फोर्स’मधला नॉर्मल म्हणजे ‘नेहमीचा’ नसून ‘लंब’, हे कळायला अख्खी सहामाही गेली. असे शब्द त्या पन्नासांत कधीच नसतात. यादी करणाऱ्याला ते सोपे वाटतात.

‘वर्क’कडे परत येतो, कारण तिथे खरी गोष्ट आहे. बल गुणिले अंतर या राशीला फ्रान्सच्या कोरिओलिस यांनी 1829 साली यंत्रांच्या हिशोबावरच्या पुस्तकात ‘ट्रावाय’ हे नाव दिलं. ट्रावाय म्हणजे साधं फ्रेंच काम, श्रम. यंत्राने किती वजन किती उंच नेलं ते मोजायला इंजिनिअर लोकांना एक माप हवं होतं. म्हणजे ही संकल्पना विश्वाच्या चिंतनातून उतरली नव्हती, ती कारखान्याच्या हिशोबातून आली होती. ‘पॉवर’चंही तसंच. जेम्स वॉटला वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करायची होती, म्हणून हॉर्सपॉवर आला, आणि आजही आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरीला ‘पाच एचपीची’ म्हणतात. शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही फिजिक्सचा हा शब्द नीट वापरता येतो. त्याची यादी कुणी त्याला दिली नव्हती.

आता हिशोब करून बघा. पन्नास किलोचं पोतं दीड मीटर उचललं तर 50 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 735 ज्यूल. दिवसात अशी शंभर पोती उचलली तर 73,500 ज्यूल. किलोकॅलरीत मोजलं तर साडेसतरा. चहाबरोबरच्या एका छोट्या बिस्किटात साधारण एवढीच ऊर्जा असते. फिजिक्सच्या वहीत अण्णांचा दिवस एका बिस्किटात बसतो. पण शरीराची वही वेगळी आहे. ओझं नुसतं तोलून धरलं तरी स्नायूंचे तंतू आतल्या आत आकुंचन पावत राहतात, सैल पडतात, पुन्हा आकुंचन पावतात. त्यात रासायनिक ऊर्जा जळते, उष्णता बाहेर पडते, घाम येतो. यातलं काहीही ‘गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध’ नाही, म्हणून त्या एका उत्तरात ते मोजलं जात नाही. सरांचा प्रश्न बरोबर होता. ‘ही डझ नो वर्क’ म्हणताना त्यांनी ‘गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध’ हे शब्द गाळले आणि एक तांत्रिक विधान माणसाबद्दलचं विधान होऊन बसलं. भाषा अशी घसरते. इंग्रजी ज्याच्या घरातली आहे त्याला घसरलेलं लगेच जाणवतं आणि तो सावरून घेतो. मला वाटलं विज्ञानच तसं म्हणतंय.

त्या रात्री मी अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. ‘मग हमाली कशाची देतेत रे?’ एवढंच ते म्हणाले.

मराठी शब्द नेहमी दूरचे आणि म्हणून निरुपयोगी, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. ‘कॉन्झर्व्हेशन ऑफ एनर्जी’ घ्या. इंग्रजीत हे ऐकणाऱ्याला आधी ‘वीज वाचवा’चं पोस्टर आठवतं. नियम तर सांगतो की ऊर्जा वाचवण्याची भानगडच नाही, ती नष्ट होतच नाही. मराठी पाठ्यपुस्तकात यालाच ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ म्हणतात. अक्षय्य तृतीया ज्याने साजरी केली आहे त्याला न संपणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा सरस आहे, आणि ज्याने कुणी तो बसवला त्याला माझा नमस्कार.

उलट ‘मुक्तिवेग’. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सेकंदाला 11.2 किलोमीटर. दहावीत हा शब्द मला फार आवडला होता, अजूनही आवडतो, पण तो थोडा खोटं बोलतो. त्या वेगाने फेकलेल्या वस्तूची गुरुत्वाकर्षणातून मुक्ती होत नाही. ओढ कायम राहते, कमी कमी होत जाते, वस्तू फक्त परत येत नाही. इंग्रजी ‘एस्केप’मध्ये निसटण्याचा भाव आहे. निसटलेल्या माणसामागे पोलीस असतातच. मुक्तीनंतर मागे कुणी नसतं.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी स्टीफन हॉकिंग यांचं ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ इंग्रजीतून वाचायला घेतलं. 1988 सालचं पुस्तक, सगळ्यांनी नाव ऐकलेलं. यात एकच समीकरण आहे, आइन्स्टाइनचं. प्रत्येक समीकरणामागे खप निम्म्यावर येईल असं कुणीतरी लेखकाला बजावलं होतं, ही कथा पुस्तकाच्या सुरुवातीलाच येते आणि वाचणारा खूश होतो. मी नाही झालो. माझ्यासारख्या वाचकाच्या हातातला एकमेव दिवा त्यांनी काढून घेतला होता. समीकरणात माझा आणि केंब्रिजच्या पोराचा दर्जा सारखा. दोघांनाही एफ म्हणजे बल. समीकरण काढलं की त्याची जागा सहज, घरगुती, विनोदी इंग्रजीने भरावी लागते, आणि नेमकी तीच मला येत नव्हती. सातव्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘एन्ट’ असा शब्द आहे. मी तो शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात शोधला. सुरुवातीचा कासवाचा किस्सा तेवढा झटकन कळला, कारण शेषनाग, कूर्मावतार हे सगळं आमच्या घरचंच. पुस्तक थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण ‘सर्वसामान्यांसाठी’ या शब्दात कोणती भाषा बोलणारे सर्वसामान्य धरले आहेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं इंग्रजी विज्ञानपुस्तक म्हणून मी हे कधीच देणार नाही. त्यापेक्षा सरळ गणितं असलेलं पाठ्यपुस्तक बरं.

माझी सोय जयंत नारळीकरांनी केली. त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने जी कथा पाठवली आणि जिला पहिलं बक्षीस मिळालं, तिचं नावच ‘कृष्णविवर’. ‘आकाशाशी जडले नाते’ मी लायब्ररीतून आणून दोनदा वाचलं. त्यांचे पारिभाषिक शब्द संस्कृतच आहेत, पण आजूबाजूची वाक्यं शेजारच्या काकांनी ओट्यावर बसून बोलावीत तशी. शब्द परका असला तरी वाक्य त्याला धरून ठेवतं. यादीत वाक्यच नसतं.

तरीही मराठी परिभाषेवरचा एक आक्षेप नोंदवतो. आपण ‘ब्लॅक’ आणि ‘डार्क’ दोन्ही ‘कृष्ण’मध्ये कोंबले आहेत. कृष्णविवर, कृष्णद्रव्य, कृष्ण ऊर्जा. ब्लॅक होलमधून प्रकाश बाहेर येत नाही, म्हणून ते काळं. डार्क मॅटरचा प्रकाशाशी संबंधच येत नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. त्याला काळं म्हणण्यापेक्षा पारदर्शक म्हटलेलं जवळचं. इंग्रजी ‘डार्क’मध्ये ‘माहीत नसलेलं’ हीसुद्धा छटा आहे, ती ‘कृष्ण’मध्ये येत नाही. माझा एक मित्र बरीच वर्षं समजत होता की कृष्णद्रव्य म्हणजे कृष्णविवरातून गळालेला माल. त्याचा दोष काय?

‘बिग बँग’ची गंमत तर अजून न्यारी. हे नाव फ्रेड हॉयल यांनी 28 मार्च 1949 च्या बीबीसी रेडिओच्या भाषणात वापरलं, आणि हॉयल त्या सिद्धांताचे विरोधक. शब्दात ‘धडाम’चा पोरकटपणा आहे. मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला. पोरकटपणा गेला, पण स्फोट पक्का झाला. आता शंभरातल्या नव्वदांना वाटतं की कुठेतरी मोकळ्या जागेत बॉम्ब फुटावा तसं काहीतरी फुटलं. प्रत्यक्षात जागाच प्रसरण पावू लागली, ती सगळीकडेच. 1993 मध्ये अमेरिकेतल्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाने बिग बँगला नवं नाव सुचवायची स्पर्धा घेतली. 41 देशांतून तेरा हजारांवर नावं आली. परीक्षकांत कार्ल सेगन होते. एकही नाव पसंत पडलं नाही. ज्यांची भाषा आहे त्यांनाही जमलं नाही, हे वाचून मला बरंच बरं वाटलं होतं.

माझी धाकटी बहीण आता अकरावीत आहे. परवा तिचा मेसेज आला, ‘दादा, इलेक्ट्रिक फील्डला क्षेत्र का म्हणतात? सातबाऱ्यावर तर क्षेत्र म्हणजे एरिया.’ मी तिला मायकेल फॅरडेबद्दल लिहिलं. लोहाराचा मुलगा, पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला, शाळा जेमतेम. 1845 च्या सुमारास चुंबकाभोवतीच्या प्रदेशाला तो ‘फील्ड’ म्हणू लागला, त्याच्याजवळचा साधा शब्द. पण त्याआधी विजेच्या प्रयोगांसाठी नवे शब्द हवे होते तेव्हा त्याला ग्रीक येत नव्हतं, म्हणून त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांना पत्र लिहून विचारलं. ॲनोड, कॅथोड हे शब्द त्या पत्रव्यवहारातून आले.

‘म्हणजे त्यालापण शब्द दुसऱ्याला विचारावे लागले?’ तिने लिहिलं.

मी विचारलं, वर्कचा धडा झाला का, सरांनी उदाहरण कोणतं दिलं.

‘झाला की. तेच, हमालाचं. सर म्हणाले ही डझ नो वर्क. मी हात वर करून म्हटलं, सर, अगेन्स्ट ग्रॅव्हिटी म्हणा ना.’